शब्द एकट्या नोकरदारानेच पाळावयाचा काय?

महाविद्यालयांतील नोकरभरतीचा हंगाम आला की एक तक्रार हमखास कानावर येते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हिवाळ्यात एका कंपनीचे पत्र स्वीकारलेले असते, रुजू होण्याची तारीख पावसाळ्यातली असते आणि मधल्या काळात दुसरीकडून दीडपट पगाराचे पत्र येते. विद्यार्थी पहिल्या कंपनीला दोन ओळींचा नकार कळवतो, किंवा तेवढेही न करता ठरल्या दिवशी नुसता गैरहजर राहतो. मग कंपनीचे अधिकारी प्राचार्यांना खरमरीत पत्र लिहितात, पालक चारचौघांत ओशाळतात व मनातून सुखावतात, आणि आजच्या पिढीला दिल्या शब्दाची चाड उरली नाही असा निर्वाळा दिला जातो. याउलट दुसरा पक्ष म्हणतो, हा बाजार आहे. ज्याचा भाव अधिक त्याला माल. यात नीतीचा प्रश्न येतोच कोठे?

हे दोन्ही निर्वाळे घाईचे आहेत. पहिला मालकाच्या सोयीची नीती साऱ्या समाजाची नीती म्हणून पुढे करतो. दुसरा माणसाच्या श्रमाला कांदाबटाट्याच्या पंक्तीत नेऊन बसवतो. समाजवादी कार्यकर्त्याला यांपैकी एकही मान्य होण्याजोगा नाही. म्हणूनच वरवर घरगुती वाटणाऱ्या या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करणे अगत्याचे आहे.

अधिक मजुरीसाठी ठरलेले काम सोडणे हा एके काळी सरळसरळ गुन्हा होता. १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडमधील मजूर मोठ्या संख्येने दगावले व उरलेल्यांच्या श्रमाला भाव आला. तेव्हा तेथील पार्लमेंटने १३५१ साली कायदा करून महामारीपूर्वीच्याच दराने काम करण्याची सक्ती केली आणि मुदतीपूर्वी काम सोडणाऱ्यास तुरुंगाची वाट दाखविली. आपल्याकडे कंपनी सरकारचे राज्य जाऊन राणीचे आल्यावर, १८५९ साली तेरावा कायदा आला. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला मॅजिस्ट्रेटने कामावर परत धाडावे, आणि त्याने ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी द्यावी, अशी त्यात तरतूद होती. आसामच्या चहामळ्यांत या कायद्याचा आसूड पिढ्यान्पिढ्या वापरला गेला. मालकाने करार मोडला तर मजुराने दिवाणी कोर्टाची पायरी चढावी. मजुराने मोडला तर मात्र त्याला बेडी, असा हा न्याय होता. हा कायदा रद्द करण्यास १९२५ साल उजाडावे लागले. तेव्हा काम सोडून जाण्याचा हक्क ही बाजाराने वाटलेली खिरापत नव्हे. तो श्रमिकांनी फार मोठी किंमत मोजून मिळविला आहे, आणि त्याची हेटाळणी करण्यापूर्वी हे स्मरण ठेवणे बरे.

आजचा कायदा बराचसा नोकरदाराच्या बाजूचा आहे असे म्हटले जाते. कोणाही माणसाला मर्जीविरुद्ध नोकरीवर पाठविण्याचा हुकूम न्यायालय देत नाही, आणि धंदा-व्यवसायाला बंदी घालणारा करार १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने रद्दबातल ठरतो. परंतु हे स्वातंत्र्य निरपवाद नाही. कल्याणच्या एका कारखान्यातील शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून अधिक पगारावर प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने, कराराची मुदत संपेपर्यंत त्याला तेथे काम करण्यास केलेली मनाई उचलून धरली. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, तीन वर्षे पुरी न करता दुसऱ्या बँकेत गेलेल्या सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये वसूल करण्याची अट वैध ठरविली. सार्वजनिक बँकेला खुल्या स्पर्धेतून भरती करावी लागते व तिचा खर्च जनतेच्या पैशातून होतो, हा त्यामागील युक्तिवाद डावलण्यासारखा नाही. माणसाला बांधून ठेवण्यापेक्षा झालेला खर्च भरून घेणे केव्हाही सभ्य. मात्र १९८६ साली याच न्यायालयाने केंद्रीय अंतर्देशीय जलवाहतूक महामंडळाच्या खटल्यात आणखी एक तत्त्व सांगितले होते, तेही विसरता कामा नये. दोन पक्षांच्या सौदाशक्तीत जमीन-अस्मानाचे अंतर असेल, तर दुबळ्या पक्षावर लादलेली अन्याय्य अट कागदावर सही आहे म्हणून न्याय्य होत नाही, असे ते तत्त्व आहे.

हे अंतर केवढे आहे ते अलीकडच्या काही घटनांवरून दिसते. विप्रो कंपनीने ज्यांना वार्षिक साडेसहा लाखांचे पत्र दिले होते आणि ज्यांनी प्रशिक्षणही पुरे केले होते, त्या नवपदवीधरांना फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेतीन लाखांवर येण्यास राजी आहात काय, अशी विचारणा झाली. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतील अनेक तरुणांना पत्र देऊन सुमारे दोन वर्षे ताटकळत ठेवले. अखेर रुजू करून घेतल्यावर, फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण न झाल्याच्या कारणावरून तिच्या म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी धाडण्यात आले. सरकारही मागे नाही. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेतून निवडलेल्या ४१३ उमेदवारांचा निकाल जून २०२० मध्ये लागला. पुढे आरक्षणाच्या न्यायालयीन गुंत्यात त्यांच्या नेमणुका वर्षाहून अधिक काळ अडकून पडल्या. नियोजित तहसीलदार व उपजिल्हाधिकारी गावी शेतात राबत बसले. या सर्व प्रसंगांत शब्द मोडला तो कोणी? आणि त्याबद्दल कोणाला नुकसानभरपाई भरावी लागली?

मालकवर्ग एरवीही खुल्या स्पर्धेचा फार भोक्ता असतो असे नाही. मजुरी वाढू न देण्यासाठी मालकांमध्ये सदैव अबोल संगनमत असते, असे निरीक्षण ॲडम स्मिथने १७७६ सालीच नोंदविले आहे, आणि तो काही समाजवादी नव्हता. अमेरिकेत ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी या बड्या कंपन्यांनी एकमेकींच्या नोकरांना पाचारण करावयाचे नाही असा गुपचूप समझोता केला होता. तो उघडकीस आल्यावर २०१५ मध्ये त्या चौघींना साडेएकेचाळीस कोटी डॉलर मोजून कर्मचाऱ्यांशी तडजोड करावी लागली. अधिक चांगली नोकरी हाती येऊच नये अशी तजवीज करणाऱ्यांनी, ती हाती आलेल्याला निष्ठेचे धडे द्यावेत यात विसंगती आहे. शिवाय ज्या पलटीबद्दल ते ओरड करतात ती पुष्कळ अंशी त्यांच्याच नियमांतून उपजली आहे. आपल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या नोकरी सोडणाऱ्याला तीन-तीन महिन्यांची नोटीस घालतात. त्यामुळे नवी नोकरी ठरणे व तेथे रुजू होणे यांत एक अख्खा ऋतू जातो आणि तेवढ्या अवकाशात उमेदवाराच्या हाती दुसरे, तिसरे पत्र पडते. काही जण येणार नाहीत हे गृहीत धरून कंपन्या गरजेपेक्षा अधिक पत्रे वाटतात. आणि मंदी आली की तीच जादा पत्रे कोणाच्या तरी आयुष्याची दोन वर्षे खातात.

परंतु प्रश्न केवळ पदवीधरांचा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाची दुसरी बाजू उघडी पडते. पावसाळ्यात हाताला काम नसते. मुलीचे लग्न किंवा दवाखाना यापायी मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, आणि त्या उचलीच्या बदल्यात नवरा-बायकोचा एक 'कोयता' येत्या हंगामापुरता बांधला जातो. दिवाळीच्या सुमारास दुसरा मुकादम अधिक उचल व बरा दर देऊ करतो. त्याच्यामागे गेलेल्या कामगाराचे कोणी अभिनंदन करीत नाही. त्याच्यावर फसवणुकीची फिर्याद होते, घरची माणसे डांबून ठेवली जातात, मारहाण होते. अशा बातम्या हंगामामागून हंगाम येत असतात. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी आणि तिच्या मुळाशी असलेले कर्ज दोन्ही रद्द झाली. तरी प्रत्यक्षात १८५९ चा तेरावा कायदा उसाच्या फडात अद्याप जिवंत आहे. जी कृती पुण्याच्या अभियंत्याच्या बाबतीत हुशारी ठरते, तीच धारूरच्या कोयत्याच्या बाबतीत दगाबाजी ठरते. शब्दाच्या नीतीवर प्रवचन झोडणाऱ्यांनी आधी या दुटप्पीपणाचा जबाब दिला पाहिजे.

तथापि याच फडात नाण्याची दुसरी बाजूही दिसते आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच्याच ट्रॅक्टरवर बसणारी माणसेही असतात. तेव्हा बुडतो तो कारखान्याचा अध्यक्ष नव्हे. बुडतो तो कर्ज काढून टोळी जमविणारा, स्वतःच कालपरवापर्यंत कोयता चालविणारा लहान मुकादम, आणि टोळी मोडल्यामुळे काम हुकलेले त्याच टोळीतील बाकीचे कोयते. महाविद्यालयातही हेच घडते. एका विद्यार्थ्याने एक नोकरी स्वीकारली की इतरांनाही संधी मिळावी म्हणून त्याला पुढील मुलाखतींना बसू द्यावयाचे नाही, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. अशा वेळी चार महिने पत्र खिशात ठेवून ऐन वेळी नकार देणाऱ्यामुळे कंपनीचे फारसे अडत नाही. तिने तो तोटा आधीच हिशेबात धरलेला असतो. अडते ते यादीत त्याच्या खाली असलेल्या मुलीचे, कारण ती जागा तिला मिळू शकली असती आणि आता भरतीची वेळ टळून गेलेली असते. पुढील वर्षी ती कंपनी त्या आडगावच्या महाविद्यालयाकडे फिरकली नाही, तर त्याचा भुर्दंड धाकट्या तुकडीवर पडतो. पगाराचा लाभ एकाचा असतो, आणि त्याची किंमत मात्र ज्यांचा या सौद्याशी काही संबंध नव्हता त्यांच्याकडून वसूल होते.

येथेच या प्रश्नाचा निकष सापडतो. स्वीकारलेली नोकरी नाकारणे योग्य की अयोग्य, हे मालकाच्या गैरसोयीवरून ठरवावयाचे नाही. ते आपल्यासारख्याच दुसऱ्या श्रमिकावर काय गुदरते यावरून ठरवावयाचे. अधिक पगारासाठी वा घराजवळच्या नोकरीसाठी पहिली नाकारणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाजिरवाणे आहे ते लपवून ठेवणे. दोन पत्रे खिशात ठेवून शेवटच्या दिवसापर्यंत दोघांनाही झुलविणे हे नोकरदाराने मालकाचीच रीत उचलण्यासारखे आहे. ज्याला जावयाचे नाही त्याने निर्णय होताच कळवावे, आगाऊ घेतले असेल ते परत करावे आणि आपल्यामागे कोण रांगेत आहे याची विचारपूस करावी. तालुक्याच्या दवाखान्यातील एकुलती एक परिचारिका किंवा जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेतील मास्तर यांच्या बाबतीत ही जबाबदारी आणखी मोठी होते. तेथे रिकाम्या खुर्चीची झळ मालकाला नव्हे, रुग्णाला व विद्यार्थ्याला लागते.

केवळ उपदेशाने मात्र भागणार नाही, कारण एकतर्फी शब्द फार दिवस कोणी पाळत नाही. व्यवस्थाच अशी हवी की प्रामाणिक राहणे परवडेल. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने अलीकडे, ज्याला पद नको असेल त्याला अंतिम शिफारशीपूर्वी प्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय ठेवला आहे, जेणेकरून ती जागा वाया न जाता खालच्या उमेदवाराला मिळावी. साधीच गोष्ट, पण तिच्यात न्याय आहे. खाजगी भरतीतही प्रतीक्षायादी जाहीर करणे व नकाराला रास्त मुदत देणे सहज शक्य आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. परंतु कंपनीने शब्द देणे आणि कामगाराने रुजू होणे यांमधल्या काळात त्याला संरक्षण कोणते? रुजू होण्याची तारीख मालकाने पुढे ढकलली तर त्या काळाचा निर्वाहभत्ता, ठरलेला पगार घटविला तर भरपाई, आणि नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी व महिन्याहून अधिक नाही, या मागण्या कामगार संघटनांनी हाती घेतल्या पाहिजेत. उसाच्या फडात उचलीऐवजी कारखान्याशी थेट लेखी करार आणि बेकारीच्या महिन्यांत रोजगार हमीचे काम मिळाले, तर कोयता बांधून देण्याची पाळीच पुष्कळांवर येणार नाही.

हा प्रश्न उद्या कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरातही उभा राहणार आहे. मुलगी दोन पत्रे पुढे ठेवून विचारील, 'बाबा, काय करू?' तेव्हा कंपनीशी इमान राख असे सांगण्याचे कारण नाही, आणि जग असेच आहे म्हणून खांदे उडवून मोकळे होण्याचेही नाही. तिला जे बरे वाटेल ते तिने निवडावे. दुसऱ्या पत्राचा नकार मात्र त्याच दिवशी टपालात पडला पाहिजे, म्हणजे ज्या कोणा अनोळखी घरात त्या जागेची वाट पाहिली जात आहे त्या घराला एक दिवसही अधिक थांबावे लागणार नाही.