पाण्याच्या माहेरी

लालबाग-परळच्या चाळीत पहाटे नळ सुरू होतो तेव्हा हंडा-कळशी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला चिंता असते ती आपली भांडी भरेपर्यंत पाणी टिकेल किंवा नाही एवढीच; ते कोणत्या मुलखातून आले, हा प्रश्न त्याच्या गावीही नसतो. या अज्ञानावर मला सुचणारा उपाय असा, की दर वर्षी देखाव्यात प्लॅस्टरचे धबधबे उभारणाऱ्या आपल्या मंडळांनी वैशाखात मुलांना सायकलींवर बसवून, दरमजल करीत, तीन दिवसांत तानसा नदीच्या खोऱ्यात न्यावे.

आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे मुंबईचे तरुण १९२३ साली सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, ते १९२८ साली परतले. आपल्याला तेवढे साहस नको. १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण येथून सुमारे शंभर किलोमीटरच आहे. मोटारीने हे अंतर न्याहारी आणि जेवण यांच्या दरम्यान संपते, परंतु मोटारीत बसणाऱ्याला तहान लागत नाही, आणि या प्रवासात शिकायची विद्या तर तीच आहे.

गतवर्षी आम्ही नऊ जण ठाणे-भिवंडीमार्गे निघालो. वज्रेश्वरी-गणेशपुरीची उष्णोदकाची कुंडे मागे टाकून शहापूर तालुक्याच्या हद्दीत शिरलो आणि भर दुपारी एका पाड्यावर थांबलो. एका आजींनी तांब्या पुढे केला, तो अर्धाच भरलेला होता. "टँकर उद्या येनार, बाबा," एवढेच त्या म्हणाल्या. सकाळी बाटलीतले उरलेले पाणी गंमत म्हणून मित्राच्या अंगावर उडवणारा आमच्यातला सर्वांत धाकटा मुलगा दोन घोट घेऊन थांबला आणि त्याने तांब्या मुकाट्याने पुढच्याच्या हाती दिला.

तानसा आणि भातसा ही जलाशये ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील पाड्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी, ही गोष्ट सरकारी दप्तराला अज्ञात नाही. वाण आहे ती त्याविषयी आग्रह धरणाऱ्या शहरवासीयांची. सायकलच्या सहलीने पाड्यावर नळ येणार नाही, हे मी जाणतो. पण धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क धरणाकाठच्या गावांचा, ही मागणी मुंबईकराने स्वतःच्या तोंडाने करायची असेल, तर त्या तोंडाला एकदा तरी कोरड पडलेली असावी.