बुद्धाचा भाव

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून काय काय खाली येते! पितळेचे डबे, आजीची पेटी, आणि एखाद्या घरी वडिलोपार्जित मूर्तीही. ती हाती येताच शहाणी मंडळी विचारतात, "हिचे किती येतील?" या प्रश्नाशीच माझे भांडण आहे.

कर्जतच्या आमच्या घरी लाकडी बुद्धमूर्ती आहे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. तिकडून त्यांनी ती आणली, एवढे घरात सांगतात. यंदा वाटणी निघाली आहे, म्हणून भावंडांना भावाची घाई! पण मूर्तीकडे नीट पाहा ना. उजव्या हाताची बोटे भूमीकडे वळलेली. ही भूमिस्पर्श मुद्रा. वस्त्राच्या चुण्यांत लाखेचा काळपट थर आणि सोनेरी वर्खाचे कण. ब्रह्मदेशात लाकडी मूर्तीला लाख देऊन वर वर्ख चढवितात. म्हणजे घरची आठवण आणि मूर्तीची घडण एकमेकींना साक्ष देतात. ओळख पटत जाते ती अशी.

परंतु पारखी म्हणविणाऱ्यांना एवढी सवड कुठली? एक म्हणतो, "भेगा पाहा, दोनशे वर्षांची असणार!" अहो, कर्जत हा दुष्काळी तालुका. दमट मुलखातले लाकूड इथल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसणारच. दुसरा म्हणतो, "कार्बनची परीक्षा करा." त्या परीक्षेत लाकडाचे वय कळते, कोरीवकामाचे नव्हे. पडक्या वाड्याच्या तुळईतून काल कोरलेली मूर्तीही तिथे म्हातारी ठरेल. तिसरा सर्वांत भयंकर : तो सणासाठी पॉलिशची बाटली उघडून बसला आहे! त्याच्या एका फडक्यासरशी वर्ख जाईल, लाख जाईल, आणि त्यांबरोबर पुरावाही.

किंमत करूच नये, असे मी म्हणत नाही. पण किंमत कशाची होते? पिप्रहवाच्या स्तूपात १८९८ साली सापडलेली रत्ने उत्खनन करणाऱ्या पेपे यांच्या वारसांनी २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात काढली. भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला, आणि त्याच वर्षी ती रत्ने मायदेशी आली. ती कोणत्या स्तूपातून, कोणत्या साली निघाली हे लिहिलेले नसते, तर त्यांना साधे मणी म्हणूनच कोणी मोजले असते!

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती पुरावस्तू ठरते. खाजगी माणसाला ती परदेशी धाडता येत नाही. ती तेवढी जुनी आहे की नाही, हे जाणकाराला विचारा. मूर्ती विकत मागणाऱ्यालाच वय विचारणे म्हणजे मांजराला दुधाचे माप करायला सांगणे.

आणि जाणकारालाही प्रथम तुमच्याकडूनच हकीकत हवी असते. ती आमच्या घरात आता एकट्या आत्याला ठाऊक आहे. भाऊबीजेला ती येईल. तिला ओवाळणी घालावी, वही काढावी, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्यावे. वाटणी पाडव्यानंतरही होईल. आत्याचे वय ऐंशीच्या पुढे आहे.