इंद्रवेल्लीपर्यंत सायकल

आदिलाबादहून पहाटे साडेपाचला निघालो. गुडिहत्नूरला हायवे सोडून उटनूरच्या रस्त्याला लागलं की ट्रक मागे राहतात, चढ-उतार सुरू होतात. दोन्हीकडे कापूस, तूर, मधेच साग. चढाआधीच हलका गिअर टाकायचा असतो. मी नेहमीप्रमाणे उशिरा टाकला.

इंद्रवेल्लीला लाल स्तूपापाशी थांबलो. २० एप्रिल १९८१ ला जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर इथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. गावं कितीतरी जास्त सांगतात. मी याच जिल्ह्यात शिकलो, वर्गात हे कधी ऐकलं नाही. सायकलच्या ॲपवर या थांब्याची नोंद एवढीच : ‘विश्रांती, ११ मिनिटं’.

परतताना केसलापूर फाट्यावर चहा घेतला. चहावाल्या काकांनी मराठीतच विचारलं, “स्तूपापाशी थांबले होते ना?”