लाजेपायी लपविलेली गोष्ट



गेल्या पावसाळ्यात एके रात्री रुग्णालयातून मला तातडीचा निरोप आला. पाय मोडल्यामुळे तेथे दाखल झालेला आपला एक गावकरी तिसऱ्या रात्री एकाएकी ओरडू लागला होता. त्याचे हात थरथरत होते, अंग घामाने भिजले होते आणि अंथरुणावर साप दिसतात म्हणून तो खाटेवरून उडी घेऊ पाहत होता. वॉर्डातील सेवक त्याला बांधण्याच्या तयारीत होते. "फादर, याला बाहेरची बाधा झाली आहे. ती घालवा," असे त्याच्या थोरल्या भावाने मला विनविले.

तेवढ्यात रात्रपाळीची परिचारिका पुढे आली. तिने त्याच्या पत्नीला बाजूला नेऊन हळूच विचारले, "हे रोज दारू घेत होते का?" त्या माउलीने मान खाली घातली. दाखल करताना लाजेपायी तिने ही गोष्ट लपविली होती. परिचारिकेने तत्काळ डॉक्टरांना बोलाविले. रोजची दारू अचानक तुटली म्हणजे दोन-तीन दिवसांनी असा भ्रम होऊ शकतो आणि वेळीच औषध न मिळाल्यास तो प्राणावर बेततो. औषध सुरू झाले, गलबला थांबला. काही दिवसांनी त्याने पत्नीला नावाने हाक मारली.

परिचारिकेचे हे ज्ञान शिक्षणाने आलेले होते. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांना व परिचारिकांना असे शिक्षण मिळावे, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एक कार्यक्रम आरंभिला. खचलेल्या रुग्णाला "जीव द्यावासा वाटतो काय?" असे सरळ विचारण्यासही त्यात शिकविले जाते. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत खोटी आहे; उलट दुःखिताचे ओझे हलके होते. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच मानावयास सांगितले आहे. त्याला शिक्षा नको, शुश्रूषा हवी.

परंतु विचारणारा कितीही शिकलेला असो, उत्तर देणाराच गप्प राहिला तर त्याने काय करावे? म्हणून माझी विनंती एवढीच, की आपला माणूस रुग्णालयात नेताना त्याचे व्यसन, त्याची निद्रानाशाची रात्र, त्याचे निराशेचे बोल, काहीही लपवू नका. घरी असा प्रसंग ओढवल्यास १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

त्या रात्री मी प्रार्थना केली. पण डॉक्टरांना वाट करून दिल्यानंतर.