फर्मा कोणाच्या कपाटात?



निवडणूक जवळ आली की ‘सैन्याचे गणवेश सोलापुरात शिवा’ ही मागणी आपल्याकडे हमखास निघते. मी शाळांचे गणवेश शिवतो. ते काम आले तर मला हवेच आहे. पण संरक्षण खरेदीवरची आपली भांडणे वाचताना मला माझीच एक फजिती आठवते.

काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमचा कटिंग मास्टर काम सोडून गेला आणि जाताना पुठ्ठ्याचे फर्मे घेऊन गेला. ते त्यानेच काढलेले होते, मी कधी दुसरी प्रत करून ठेवली नव्हती. मशिनी माझ्या, कापड माझे, कारागीर माझे. पण सहावीतल्या मुलाच्या शर्टाची बाही कुठून वळवायची हे कारखान्यात कोणालाच सांगता येईना. जूनमध्ये शाळा उघडणार होत्या. शेवटी मीच त्याच्या घरी गेलो आणि त्याने मागितले ते कबूल करून आलो. त्याने फसवले असे मी म्हणणार नाही. चूक माझी होती.

ही चूक आपल्या सैन्याने निदान कपड्यांत केलेली नाही. 15 जानेवारी 2022 च्या लष्कर दिनाला नवा ठिपकेदार लढाऊ गणवेश प्रथम दिसला. नक्षी दिल्लीच्या ‘निफ्ट’ या फॅशन संस्थेच्या मदतीने तयार झाली, पण त्याच वर्षी सैन्याने ती स्वतःच्या नावावर नोंदवून घेतली. दहा वर्षे हक्क सैन्याचा, पुढे पाच वर्षे वाढवता येणारा. शिवणारा कोणीही असो, फर्मा सैन्याच्या कपाटात. शर्ट-पँटला जमते ते विमानाला आणि ड्रोनला का जमू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

बोफोर्स घ्या. 1986 मध्ये 410 तोफांचा करार झाला, पुढच्याच वर्षी दलालीचे प्रकरण फुटले आणि तेव्हापासून सगळे राजकारण ‘पैसे कोणी खाल्ले’ याभोवती फिरले. तो प्रश्न रास्तच होता. पण तोफांबरोबर त्यांचे आराखडेही आपल्याला मिळाले होते, त्याची आठवण कोणाला होती? कंपनीशी व्यवहार बंद पडला, सुट्या भागांची टंचाई झाली, 1999 मध्ये कारगिलला त्याच तोफांवर भिस्त ठेवावी लागली. आराखडे मात्र धूळ खात राहिले. त्यांवरून जबलपूरला घडलेली ‘धनुष’ सैन्याच्या हाती पडली ती एप्रिल 2019 मध्ये. राफेल विमानांच्या खरेदीच्या वेळीही दोन्ही बाजू किंमत आणि भागीदार यांवरच घसा कोरडा करत होत्या.

नाशिकजवळ ओझरला आता तेजस विमाने जोडली जातात, याचा मराठी माणूस म्हणून आनंद आहे. पण त्यांचे इंजिन अमेरिकेचे. 99 इंजिनांची मागणी 2021 ची. पहिले आले मार्च 2025 मध्ये. सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट पाहणे चालू! त्याच वर्षी फेब्रुवारीत चिनी भागांच्या संशयावरून 400 ड्रोनचे करार रद्द करावे लागले. विकणारे भारतीय, आतले सुटे भाग कुठले याची खात्री नाही. युक्रेनमध्ये तर 2022 साली क्रिमियाजवळ उपग्रह-इंटरनेट सुरू करायला ते पुरवणाऱ्या कंपनीच्या मालकानेच नकार दिला. युद्ध कुठपर्यंत न्यायचे ते एका पुरवठादाराने ठरवले.

कोणी म्हणेल, मग सगळे सरकारी कारखान्यांतच करा. मी त्या पंथाचा नाही. 2021 मध्ये 41 आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यावर कामगारांचे म्हणणे वेगळे आहे आणि ते ऐकलेच पाहिजे. पण मालक सरकारी असला की माल चांगला निघतो, हे धंद्यातला माणूस मान्य करणार नाही. मला आवडलेले उदाहरण पुण्याचे आहे. ‘एटॅग्ज’ तोफेचा आराखडा पाषाणच्या सरकारी प्रयोगशाळेचा, आणि मार्च 2025 मध्ये 307 तोफांचे काम भारत फोर्ज आणि टाटा या दोन खासगी कंपन्यांत वाटले गेले. उद्या एक अडली तर दुसरी आहे.

म्हणून आमच्या खासदारांनी संसदेत प्रत्येक मोठ्या खरेदीच्या वेळी तीन गोष्टी विचाराव्यात: आराखडा आणि संगणकप्रणाली कोणाच्या नावावर, दुसरा पुरवठादार कोण, आणि महत्त्वाचे भाग कोणत्या देशाचे. यात मारक पल्ला किंवा तैनातीची जागा सांगावी लागत नाही. तरीही ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हणून उत्तर टाळले गेले, तर सुरक्षा देशाची चालली आहे की पुरवठादाराची, हेही विचारावे.

माझे फर्मे आता दोन-दोन प्रतींत आहेत. एक जोड कारखान्यात खिळ्याला, दुसरी घरी पलंगाखाली. सैन्याचे काम खरोखर सोलापूरला आले, तर फर्मा आम्हाला मोजून दिला जाईल आणि काम संपल्यावर मोजून परत घेतला जाईल. घ्यावाच.

— एक गणवेश उत्पादक, अशोक चौक, सोलापूर