पासबुक कुणाजवळ आहे?

नरखेड तालुक्यात बचत गटांबरोबर काम करताना ‘महिलांना उद्योगाची प्रेरणा द्या’ हे मी फार ऐकते. पाहुणे येतात, भाषण करतात, जातात. पापड करणाऱ्या एका गटात मी विचारलं, “पासबुक कुणाजवळ आहे?” बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक हळूच म्हणाली, “ताई, ते अध्यक्षबाईच्या मालकाजवळ रायते. बँक लांब पडते ना!” सोय खरी, पण अशा सोयीतूनच मालकी हातची जाते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत, गिरगावात, जसवंतीबेन पोपट आणि इतर सहा जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. तिथे लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण. नफा वाटून, तोटाही वाटून. जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मला मात्र मोठी वाटते ती ही वाटणी.

संत्र्याच्या बागेत दिवसभर राबून रात्री पापड लाटणाऱ्या बाईला कष्टाची प्रेरणा कुणी द्यायला नको. तिला हवी सही, हिशेब आणि निर्णय. नेतृत्व तिथूनच सुरू होतं. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत भाषण राहू द्या. पासबुक मागवा आणि मोठ्यानं वाचा.