४८ तास, कागदावर

निवासी डॉक्टरांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा भरते तेव्हा ध्यानासाठी डोळे मिटायला सांगतात, आणि निम्मे सभागृह खरोखरच झोपी जाते. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर मला त्याचे हसू येत नाही. त्या मुलांना काय हवे आहे, हे तिथेच दिसते.

‘बर्नआउट’ हा शब्द हल्ली कशालाही लावला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: सततचा गळाठा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. नातेवाइकांना दिसते ती दुसरी खूण. आजोबांचे ‘बेड नंबर बारा’ होतात, प्रश्नाला तुसडे उत्तर मिळते. तो डॉक्टर किंवा ती सिस्टर मुळात उर्मट असेलच असे नाही. संघटनेने बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम मानला आहे. मग उपचार कोणावर करायचे? माणसावर, की ड्युटीच्या तक्त्यावर?

तक्ता असा असतो. सोमवारी सकाळी ओपीडी, रात्री कॅज्युअल्टी, मंगळवारी सकाळी राउंड आणि त्यानंतर वॉर्डातली उरलेली कामे. खोलीवर जायला संध्याकाळ होते. सलग २४ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात सुमारे ०.१ टक्का मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. आपल्या कायद्यात वाहन चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्या अवस्थेत आपण गाडीची किल्ली कुणाच्या हाती देणार नाही. इंजेक्शनचा डोस मात्र त्याच माणसाला मोजायला लावतो.

नियम नाहीत असे नाही. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असे लिहिले आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांत आपण ४८ वरून ७४ वर आलो, आणि आज तीही सुधारणाच वाटते!

‘आम्हीही असेच शिकलो,’ असे माझ्या पिढीतले अनेक जण म्हणतात. आमच्या वेळी एवढे अतिदक्षता विभाग नव्हते, एवढी औषधे नव्हती आणि दर पेशंटमागे एवढी कागदपत्रेही नव्हती. परिचारिकांची स्थिती वेगळी नाही. पद रिकामे राहिले की त्याचे काम उरलेल्यांच्या अंगावर पडते. रजा मागणारी सिस्टर मग मैत्रिणींच्याच डोळ्यांत खुपते.

थकव्यापलीकडे जाऊन जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र ते उपचारांचेच काम. त्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. डॉक्टरांनीही तो फिरवावा, त्यात लाज कसली?

बाकीच्यांसाठी कार्यशाळेआधी दोन गोष्टी करता येतील. रात्रपाळी केलेल्याला सकाळी कामाची सूत्रे दुसऱ्याकडे देऊन घरी पाठवणे सक्तीचे करावे. आणि प्रत्येक विभागाने निवासी डॉक्टरांचे प्रत्यक्ष कामाचे तास दर महिन्याला अधिष्ठात्यांच्या कार्यालयाबाहेर, सर्वांना दिसतील असे लावावेत.